मेई आंटीकडचं नवं वर्ष

यंदा आमच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या सुपरमार्केटवाल्यांची चांगलीच तारांबळ उडालेली दिसते. चिन्यांचं नवं वर्ष आणि आमचा पहिला रोजा एकमेकांच्या पाठोपाठ आले आहेत. त्यामुळे दाराशी एका बाजूला लाल कंदील, कागदी घोडे आणि संत्र्यांच्या पेट्या, तर दुसऱ्या बाजूला सोनेरी चंद्रकोर, खजुरांचे डोंगर आणि लाल सरबताच्या बाटल्या. मध्ये जेमतेम एक ट्रॉली जाईल एवढी वाट. त्या वाटेत मी ट्रॉली घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. मागून एक बाई तिसऱ्यांदा "एक्सक्यूज मी" म्हणाली तेव्हा मी भानावर आले. फ्रीजरमधून उचललेलं तयार डंपलिंगचं पाकीट परत जागेवर ठेवलं आणि खजूर घेऊन घरी आले.

खरं तर हे इथे आखातातले सगळ्यात चांगले दिवस. एसी बंद, खिडक्या उघड्या, सकाळी असं धुकं पडतं की समोरची बिल्डिंग दिसत नाही. लोक वाळवंटात जाऊन शेगड्या पेटवतात, पाहुणे बोलावतात, मरीनाला जाऊन फोटो काढतात. दहा महिने उन्हाला शिव्या घालणारी मंडळी एकदम कवी होतात. मीसुद्धा त्यातलीच होते. आता मात्र लाल कंदील लागले की माझं डोकं भणभणतं. दोन वर्षांपूर्वी, त्यांच्या वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, तिकडे गावी माझी अम्मा गेली. आणि तिचा चेहरा शेवटचा बघायची वेळ आली तेव्हा मी समोरच्या चिनी घरात बसून डंपलिंगला मुरड घालत होते. मला बघता आलं असतं. मी बघितला नाही.

समोरच्या घरात मेई आंटी राहायची. वय पासष्टच्या पुढे, उंचीला माझ्या खांद्याएवढी, चालणं मात्र असं की लिफ्टलाही तिची वाट बघायला लागू नये. चीनच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा गोठवणाऱ्या शहरातून ती मुलाकडे राहायला आली होती. मुलगा आणि सून दोघंही ऑफिसला जायची, आणि दिवसभर घरात आंटी एकटी. इकडे मीही एकटी. माझा नवरा अबू धाबीला खलिफा सिटीतल्या साइटवर, तो आठवड्याला येणार, आणि मुलगी सना शाळेत. दोन रिकाम्या घरांतल्या दोन बायका कॉरिडॉरमध्ये भेटल्या, दुसरं काय होणार! मी तांदळाची भाकरी नेऊन दिली. तिने ती दिव्यासमोर धरून बघितली आणि काटा-चमच्याने खाल्ली.

आमच्याकडे बोलायला एकमेकींची भाषा नव्हती. तिचं इंग्रजी वीस शब्दांचं, त्यात इथले अरबी 'यल्ला' म्हणजे चल आणि 'खलास' म्हणजे संपलं मिसळलेले, आणि खालच्या भाजीवाल्याकडून उचललेलं "अच्छा" आणि "कितना". फारच अडलं की ती फोन तोंडासमोर धरून चिनीत बोलायची आणि फोनमधली एक कोरडी बाई ते हिंदीत सांगायची. तेवढ्यावर आम्ही सुनेची सासू आणि सासूची सून अशा सगळ्या विषयांवर बोललो. सना म्हणायची, "मम्मा, यू टू आर लिटरली टॉकिंग टू अ फोन." म्हटलं, तू दिवसभर दुसरं काय करतेस?

नव्या वर्षाच्या आधीचे आठ दिवस आंटी घर धुऊन काढायची. पडदे, पंखे, कपाटांच्या मागच्या भिंतीसुद्धा. मग दारावर लाल कागद चिकटवायची, सोनेरी अक्षरांचे. बिल्डिंगच्या सिक्युरिटीने पहिल्या वर्षी येऊन सांगितलं होतं की कॉरिडॉरमध्ये टेप लावायला परवानगी नाही. आंटीने त्याच्या हातात दोन संत्री ठेवली, "हॅपी न्यू इयर, हबीबी" म्हणाली आणि दार लावून घेतलं. कागद पुढच्या वर्षापर्यंत तिथेच होते.

आणि मग ते नियम. पहिल्याच वर्षी तिने फोनवरच्या बाईकडून मला सगळे वदवून दाखवले होते. नव्या वर्षाच्या दिवशी केर काढायचा नाही, आलेलं नशीब झाडूबरोबर बाहेर जातं. हे मला लगेच पटलं. आमच्याकडे तिन्हीसांजेला झाडू हातात घेतला तर अम्मा तो हिसकावून घ्यायची. केस धुवायचे नाहीत. सुरी, कात्री हातात घ्यायची नाही, म्हणून सगळं कापणं-चिरणं आदल्या दिवशी. काही फोडायचं नाही, फुटलंच तर लाल कागदात गुंडाळून ठेवायचं. रडायचं नाही, पोरांनाही रडवायचं नाही. आणि मरणाचा शब्द काढायचा नाही. हे सांगताना तिने फोन बाजूला ठेवला, माझ्या ओठांवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "दिस वर्ड, नो. टू डे, थ्री डे, नो." मी लहान मुलीसारखी मान डोलावली.

त्या दुसऱ्या वर्षी तर ती फारच सांभाळून होती. सुनेला आठवा महिना लागला होता. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं. आंटी घरात चालतानासुद्धा खुर्चीला धक्का लागू देत नव्हती. सुनेसमोर कुणी नुसतं "थकले" म्हटलं तरी तिला चालायचं नाही. आता तुम्हीच सांगा, अशा घरात कोण काय घेऊन जाईल?

त्या सकाळी नऊच्या सुमाराला मुनीरचा फोन आला. मुनीर माझा धाकटा भाऊ, दापोलीकडच्या खाडीकाठच्या आमच्या गावात अम्माजवळ तोच राहायचा. "आपा," म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "अम्मा गेली गं. पहाटे फजरला उठवायला गेलो तर हात थंड. डॉक्टर येऊन गेले, मग तुला लावला." मी विचारलं, चहा घेतला होता का तिने? असलं काहीतरी मी विचारलं. तो बिचारा म्हणाला, "नाही, उठलीच नाही ना." मग मोठ्या माणसासारखा समजावून सांगू लागला. दुपारी जोहरच्या नमाजानंतर माती देणार. तोवर मला पोचणं शक्य नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. रात्रीचं विमान, पुढे मुंबईहून सहा-सात तासांचा रस्ता. "तू घाई नको करू. कफन घातल्यावर चेहरा उघडा ठेवतील थोडा वेळ, घरचे बघतील. तेव्हा मी व्हिडिओ कॉल करतो. तू तिथून बघून घे. तुमचे बारा वाजलेले असतील."

बारा. म्हणजे मला तीन तास होते. नवरा अबू धाबीहून निघाला होता, सनाचा पेपर होता, तिला शाळेतून बोलवायचं नाही असं ठरलं. मी बॅग काढली. कपडे भरले. बॅग रिकामी करून पुन्हा भरली. कुराण उघडलं तर अक्षरं जागेवर राहीनात. रडायला येईल म्हणून वाट बघत बसले, तेही येईना. आणि अकराला दार वाजलं. आंटी, दोन्ही हात पिठाचे, अंगात लाल स्वेटर. "यल्ला! डंपलिंग!"

मी आदल्या आठवड्यात येते म्हटलं होतं. त्या वेळी "आज नको" एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण तिने कारण विचारलं असतं, आणि कारणात तो शब्द होता. त्यांच्या उघड्या दारातून सून हॉलमध्ये सोफ्यावर पाय वर करून बसलेली दिसत होती. मी चपला घातल्या आणि गेले.

दुःखाचं घर सोडून, ज्या घरात सण आहे तिथे पाय ठेवू नये, एवढं मलाही कळतं. तिच्या रिवाजात बसत नव्हतं आणि आमच्यातही कुणी असं करत नाही. पण त्या घरात खिम्याचा आणि आल्याचा वास होता, टीव्हीवर लाल कपड्यातली पोरं नाचत होती, आणि माझ्या घरात घड्याळ. खरं सांगते, मी घड्याळापासून पळाले.

टेबलावर दोन पाट मांडलेले होते. एक त्यांचा आणि एक माझा. हे आंटीने पहिल्या वर्षीपासून पाळलेलं. मी डुक्कर खात नाही हे कळल्यावर ती माझ्याबरोबर हलाल दुकानात आली, मटणाचा खिमा स्वतः निवडला, आणि माझ्यासाठी नवी सुरी, नवा पाट, नवं पातेलं आणलं. वरच्या कपाटात ते वेगळं ठेवायची, वर्षातून एकदा काढायची. पुढे तर म्हणाली, दोन-दोन कशाला, सगळेच मटणाचे खातील. तरी माझा पाट वेगळा तो वेगळाच. आमच्या स्वतःच्या नातेवाइकांत मी इतकी काळजी बघितलेली नाही.

ती पारी लाटायची, मी भरायची. कांद्याची पात, आलं, खिमा, तिळाचं तेल. तिच्या डंपलिंगला एका बाजूने चिमटीच्या घड्या, पोट फुगलेलं, पाटावर ठेवलं तर नीट बसणारं. मला ते कधी जमलं नाही. माझ्या हाताला करंजीची सवय. मी कडेने मुरड घालत जायची, अम्माने शिकवलेली, बारीक आणि तिरपी. ईदच्या आधी चुलीजवळ पाट टाकून ती आम्हाला करंज्यांना बसवायची आणि मुरड जाड झाली की करंजी उचलून परत माझ्या हातात द्यायची, एक शब्द न बोलता. आंटीला ती मुरड फार आवडायची. तिने सुनेला बोलावून माझं डंपलिंग दाखवलं. सुनेने फोटो काढला. त्या फोटोत माझी बोटं आहेत, साडेअकरा वाजताची.

आंटीने एका पारीत धुतलेलं नाणं ठेवलं. ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष चांगलं. मग मासा दाखवला, अख्खा, डोक्या-शेपटीसकट. रात्री तो संपवायचा नाही, थोडा ठेवायचा, म्हणजे वर्षभर घरात सगळं पुरून उरतं. तांदळाच्या पिठाच्या चिकट वड्या वाफवून ठेवल्या होत्या, गुळासारख्या रंगाच्या. मी सगळ्याला अच्छा, अच्छा म्हणत होते.

बारा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. पालथा ठेवला होता, टेबलावर पिठात. मी सुलटा केला. मुनीरचं नाव, व्हिडिओ कॉल.

चार पावलांवर माझं दार होतं. किल्ली खिशात होती. हात पुसून, "वन मिनिट" म्हणून उठायचं, एवढंच. त्या घरात तो चेहरा आणायची काही गरजच नव्हती. हे मला आज दिसतं तसं तेव्हाही दिसत होतं. पण मी बसून राहिले. मनाशी म्हटलं, इथे सण आहे, पोटुशी बाई आहे, आंटीने ओठांवर बोट ठेवून सांगितलंय. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. "हू कॉल?" आंटीने विचारलं.

"नोबडी," मी म्हटलं.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी एका पारीला मुरड घालत होते आणि ती पूर्ण केली. मग फोन वाजला नाही. साडेबाराला आंटीने पहिला घाणा उकळत्या पाण्यात सोडला. उकळी आली की वाटीभर गार पाणी घालायचं, असं तीनदा. तिसऱ्यांदा ती वाटी माझ्या हातात दिली. तिकडे दोन वाजलेले. लोक कब्रस्तानात पोचले असतील.

रात्री विमानात बसले तेव्हा, दुपारी फोन सायलेंटवर होता असं नवऱ्याला सांगितलं. गावी पोचल्यावर मुनीरला तेच सांगितलं, मामींना, शेजाऱ्यांना, जो विचारेल त्याला. मुनीर म्हणाला, "असू दे आपा." आणि त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. अम्माची खोली आवरली, तिचे कपडे वाटले, फातेहा झाली. येणाऱ्या बायका सांगायच्या, चेहऱ्यावर काय नूर होता गं, झोपल्यासारखी दिसत होती. मी मान हलवायची. शेजारपाजारच्या सगळ्या बायकांनी बघितलेला तो चेहरा माझ्याकडे नव्हता.

तीन आठवड्यांनी परत आले. दुसऱ्या दिवशी सनाने कॉरिडॉरमध्येच आंटीला सांगून टाकलं, "आंटी, माय ग्रॅनी पास्ड अवे. ऑन युअर न्यू इयर्स ईव्ह." मी आतून ऐकलं. आंटी तशीच आत आली, चपला न काढता, जे तिने कधीही केलं नव्हतं. माझ्यासमोर बसली आणि फोनमध्ये बोलू लागली. खूप वेळ बोलली. फोनमधल्या कोरड्या बाईने जमेल तसं सांगितलं, "तुमने मुझे क्यों नहीं बताया. मैं बेलन रख देती. मैं तुम्हारे घर में बैठती."

मी म्हटलं, "आंटी, न्यू इयर. बेबी. यू सेड, दिस वर्ड, नो."

तेव्हा ती चिडली. खरोखर चिडली. तिचा आवाज चढला आणि फोन तेच वाक्य पुन्हापुन्हा चुकीचं सांगू लागला. शेवटी तिने तो टेबलावर आपटला, उठली, माझ्याच कपाटातून एक वाडगा काढला आणि टेबलाच्या एका रिकाम्या बाजूला ठेवला. त्याच्याजवळ एक चमचा ठेवला. त्या जागेकडे बोट केलं. "माय मदर," म्हणाली. "खलास, ट्वेंटी इयर. न्यू इयर, शी कम. माय हजबंड, कम. एव्हरी इयर कम. ईट." मग वाडग्यावर हात ठेवून म्हणाली, "युअर मदर आल्सो कम. वाय नॉट?"

मला कळायला दोन मिनिटं लागली. तिच्याकडे त्या रात्री एक वाडगा जास्तीचा मांडलेला मी पहिल्या वर्षी बघितला होता आणि मुलाचा कुणी मित्र येणार असेल असं समजले होते. तोंडाने शब्द काढायचा नाही एवढाच नियम होता. गेलेल्या माणसांना तर त्याच रात्री घरी बोलावतात, जेवायला वाढतात. शब-ए-बरातीला हलवा करून आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने फातेहा देणारी मी, मला एवढं उमगू नये? अख्ख्या वर्षात तो एकच दिवस असा होता की अम्माचा चेहरा त्या टेबलावर चालला असता. मी परक्याचा रिवाज अर्धा शिकले आणि त्या अर्ध्याच्या आड जाऊन बसले. आणि तोही रिवाज नसता तर दुसरं काही शोधलं असतं. गेलेल्या अम्माकडे बघायची मला भीती वाटत होती. एवढं साधं आहे ते, आणि मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आंटीला मात्र त्या दिवशी सांगितलं. फोन वाजला होता, तीनदा, आणि तो कुणाचा होता ते. फोनमधल्या बाईने ते चिनीत तिला सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली.

नात झाली, धडधाकट. वर्षभरात मुलाची बदली झाली आणि ती सगळी परत गेली. माझा पाट, सुरी आणि पातेलं आंटी जाताना मला देऊन गेली. समोर आता एक लेबनीज कुटुंब आहे, त्यांचं दार कोरं. आंटी दर नव्या वर्षाला माशाचा फोटो पाठवते. कालही आला. माशासमोर आंटी, नात मांडीवर, तिच्या तोंडात अख्खं डंपलिंग.

काल त्यांचा नव्या वर्षाचा दिवस, आणि आमच्याकडे चांदरात. संध्याकाळची मगरीब झाली, चांद दिसल्याची बातमी आली, नवरा तरावीच्या नमाजाला जायला निघाला. सना म्हणाली, "मम्मा, व्हॉट्स फॉर सुहूर?" पहाटेच्या सेहरीचं तिला काहीतरी सांगितलं. तेवढ्यात मुनीरचा फोन आला. "रमजान मुबारक, आपा. आमचा चांद उद्या." मग पोरांची, नारळाची, छपराच्या पत्र्याची बोलणी झाली. तो ठेवतो म्हणाला आणि मी म्हटलं, "थांब. तो फोन सायलेंटवर नव्हता, मुनीर. मी बघितला आणि उचलला नाही. तिन्ही वेळा."

त्याला बोलू न देताच मी म्हटलं, शिव्या घाल हवं तर, पण एक सांग. आता सांग. अम्मा कशी दिसत होती शेवटी?

"मला काय विचारतेस, आपा," तो म्हणाला. "तुला नीट दिसावी म्हणून मी फोन तिच्यावर धरून उभा होतो. आता उचलशील, मग उचलशील, म्हणून स्क्रीनकडेच बघत होतो. मागून लोक म्हणायला लागले उशीर होतोय, म्हणून मी फोन खाली घेतला. तोवर त्यांनी चेहरा झाकला होता."